‘तुला कुणी सांगितलं?’

पारावर कुणी बातमी आणली, की ऐकणाऱ्यांतला एखादा विचारतोच, ‘तुला कुणी सांगितलं?’ मग नाव घ्यावं लागतं. बातमी खोटी निघाली, तर सांगणारा थापाड्या ठरतो. परभणी–पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावात शब्दाला असा जामीन असतो. मोबाइलवरच्या मेसेजला तो नसतो. मुलांना ऑनलाइन जबाबदारी शिकवायची म्हणजे हा जामीन मागायला आणि स्वतः जामीन राहायला शिकवायचं. पासवर्ड आणि सेटिंग हा त्यातला सोपा भाग झाला.

बेवारशी शब्द काय करतो, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती : मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची. तिच्यात ते दोघे लगेच मुलाला परत आणतात आणि सावध राहा, असं सांगणारा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापला आणि प्रबोधनाची चित्रफीत अफवेचा पुरावा झाली. कापणारा कदाचित एकच असेल. पुढे पाठवणारे हजारो होते आणि त्यातल्या बहुतेकांना आपण गावाला सावध करतोय असंच वाटत असणार. म्हणूनच ‘वाईट वागू नका’ एवढा उपदेश इथे पुरत नाही.

तांत्रिक ज्ञानही पुरत नाही. ग्रामीण भारतातल्या ‘असर २०२४’ पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ७६ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्याभरात समाजमाध्यमं वापरली होती, अभ्यासासाठी फोन वापरणारी ५७ टक्के होती. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के मुलांना एखादं खातं ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ठाऊक होतं. म्हणजे बटणं बऱ्याच जणांना कळतात. शिकवायचं आहे ते बटण दाबण्याआधी थांबणं. त्याला संगणक कक्ष लागत नाही. मराठीच्या तासाला फळ्यावर एक व्हायरल मेसेज लिहावा आणि मुलांना विचारावं : हे कुणी, कुठे, कधी पाहिलं? खोटं निघालं तर कुणाचं नुकसान होईल? याखाली मी माझं नाव लिहीन का? केरळातल्या कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे दिले गेले. सरकारी शाळेला हे जमतं.

यावर काही जण म्हणतील, फोनच काढून घ्या. यवतमाळच्या बान्सी ग्रामसभेने २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. सांगलीच्या मोहित्यांचे वडगावात त्याच वर्षी रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास मोबाइल, टीव्ही बंद राहू लागले. दीड तासाची शिस्त अभ्यासाला पोषक आहे, पण भोंगा दुसऱ्यांदा वाजल्यावर काय करायचं, ते तो शिकवत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : ‘जबाबदारी’ म्हणजे मुलांनी गप्प बसायचं का? नोव्हेंबर २०१२ मध्ये बंदवर प्रश्न विचारणाऱ्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने ती लिहिली होती, दुसरीने लाइक केली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ‘६६ अ’ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. तेव्हा मत आणि अफवा यांतला फरकही याच तासात यायला हवा. आपलं मत आपल्या नावाने मांडणारा स्वतःच जामीन राहतो. अफवेला मात्र कुणीच राहत नाही.

राईनपाड्याचा जमाव मोठ्या माणसांचा होता, मग भार मुलांवर का, असंही कुणी विचारेल. भार मोठ्यांवरच आहे. पण २०१८ पासून व्हॉट्सॲप मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ एवढी खूण दाखवतं. मूळ सांगणारा कोण, ते दाखवत नाही. ते विचारण्याची सवय शाळेत लागली, तर घरच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजलाही कुणीतरी विचारेल, ‘आबा, तुम्हाला हे कुणी सांगितलं?’