फंक्शनच्या पाचारणांची मोजदाद : वेष्टन-वर्गाची उपयुक्त योजना

सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, शिधापत्रिका, विद्यार्थ्यांची पटनोंदणी अशी कितीतरी कामे आज संगणकाच्या साहाय्याने पार पडतात. ही कामे करणारी आज्ञावली मंदावली, की खिडकीसमोरची रांग लांबत जाते आणि त्याची झळ सामान्य नागरिकाला बसते. अशा वेळी अधिक शक्तिमान यंत्र खरेदी करावे, हा विचार सर्वप्रथम सुचतो. तथापि दोष यंत्राचा आहे की आज्ञावलीच्या रचनेचा, हे अंदाजाने ठरवता येत नाही. त्यासाठी मोजणी करावी लागते. आज्ञावलीतील कोणते काम किती वेळा केले गेले, हे मोजण्याची एक सोपी व खात्रीची पद्धत म्हणजे ‘रॅपर क्लास’, अर्थात वेष्टन-वर्ग होय.

फंक्शन, वर्ग आणि वस्तू

मोठी आज्ञावली लहान लहान भागांत विभागलेली असते. ठरावीक काम करणाऱ्या अशा भागाला ‘फंक्शन’ म्हणतात. ते काम हवे असेल तेव्हा फंक्शनला पाचारण करावयाचे, त्याने काम करून उत्तर परत द्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. या पाचारणालाच तंत्रज्ञ ‘कॉल’ म्हणतात.

माहिती आणि त्या माहितीवर काम करणारी फंक्शने एकत्र बांधली, की ‘वस्तू’ तयार होते आणि अशा वस्तूंचा नमुना म्हणजे ‘वर्ग’. ही विचारसरणी प्रथम नॉर्वेत रुजली. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी तयार केलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत वर्ग व वस्तू या कल्पना अवतरल्या. या कार्याबद्दल दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये ‘सी’ भाषेला वर्गांची जोड देण्यास प्रारंभ केला. १९८३ मध्ये त्या भाषेला ‘सी प्लस प्लस’ हे नाव मिळाले.

मोजणी कशासाठी?

आज्ञावलीचा वेळ नेमका कोठे खर्च होतो, याविषयी खुद्द लिहिणाऱ्याचाही अंदाज अनेकदा चुकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड नूथ यांनी फोरट्रान भाषेतील आज्ञावलींचा अभ्यास करून १९७१ मध्ये असे दाखवून दिले, की साधारणतः आज्ञावलीचा चार टक्क्यांहूनही कमी भाग तिचा निम्म्याहून अधिक वेळ घेतो. तो लहानसा भाग हाती लागला, तर थोड्या श्रमात मोठी सुधारणा साधते. तो सापडला नाही, तर इतरत्र केलेले श्रम वाया जातात.

समजा, एका गावात ५०० खातेदार आहेत आणि त्यांची यादी व प्रत्येकाचे क्षेत्र छापावयाचे आहे. यादीसाठी माहितीकोशाला एक पाचारण आणि मग प्रत्येक खातेदाराच्या क्षेत्रासाठी स्वतंत्र पाचारण, अशी रचना असेल, तर एकूण ५०१ पाचारणे होतात. हेच काम सर्व माहिती एकत्र मागवून एका पाचारणातही होऊ शकते. आज्ञावली वाचताना हा फरक सहसा नजरेत भरत नाही, कारण कागदावर दोनच ओळी असतात. मोजणीचा आकडा मात्र तो ताबडतोब उघड करतो.

वेष्टन-वर्गाची रचना

मोजणीचा सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक फंक्शनमध्ये एक गणक ठेवून तो दर वेळी एकाने वाढविणे. परंतु त्यासाठी मूळ लिखाणात ठिकठिकाणी हात घालावा लागतो आणि मोजणी संपल्यावर त्या ओळी काढून टाकाव्या लागतात. मूळ फंक्शन दुसऱ्या कोणी तयार करून दिलेल्या ग्रंथालयातील असेल, तर तेही शक्य होत नाही.

वेष्टन-वर्ग ही अडचण दूर करतो. मूळ वस्तूला जी फंक्शने असतात, त्याच नावांची फंक्शने वेष्टनालाही दिलेली असतात आणि मूळ वस्तू त्याच्या पोटात ठेवलेली असते. पाचारण आले, की वेष्टन प्रथम गणक एकाने वाढवते, मग तेच पाचारण मूळ वस्तूकडे सुपूर्द करते आणि तिचे उत्तर जसेच्या तसे परत देते. कचेरीतील आवक-जावक लिपिक पत्रातील मजकुराला स्पर्श न करता त्याची नोंद घेऊन ते संबंधित शाखेकडे पाठवतो, तसाच हा प्रकार आहे. बाहेरून काम मागणाऱ्याला मध्ये कोणी नोंद घेत असल्याची जाणीवही होत नाही.

एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस यांच्या १९९४ मधील ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात ‘डेकोरेटर’ नावाच्या रचनेला ‘रॅपर’ हेच दुसरे नाव दिलेले आहे. मूळ वस्तूला धक्का न लावता तिच्या कामात भर घालणे, हा या रचनेचा हेतू होय.

सर्व फंक्शनांची सरसकट मोजणी करणारी साधनेही आहेत. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेले आणि १९८२ मध्ये मांडले गेलेले ‘जीप्रॉफ’ हे त्यांतील एक प्रसिद्ध साधन. तथापि एखाद्याच वस्तूची किंवा एखाद्याच क्रियेची मोजणी हवी असेल, तर वेष्टन अधिक सोयीचे ठरते.

आकड्यांचा पडताळा

एक हजार संख्या लहान-मोठ्या क्रमाने लावावयाच्या आहेत, असे मानू. प्रत्येक संख्येला वेष्टन घालून, दोन संख्यांची तुलना होईल तेव्हा गणक वाढेल अशी व्यवस्था केली, तर कोणती पद्धत किती तुलना करते हे समजते. उरलेल्यांतून सर्वांत लहान संख्या शोधून पुढे ठेवत जाण्याच्या निवड-पद्धतीत ४,९९,५०० तुलना होतात. यादीचे दोन भाग करून, ते क्रमाने लावून पुन्हा एकत्र करण्याच्या विलय-पद्धतीत जास्तीत जास्त ८,९७७ तुलना पुरतात. हे आकडे जुन्या यंत्रावर मोजले काय किंवा नव्या यंत्रावर मोजले काय, सारखेच राहतात. घड्याळाने मोजलेला वेळ यंत्रागणिक बदलतो, पाचारणांची संख्या बदलत नाही. दोन पद्धतींची तुलना करताना हा मोठाच लाभ आहे.

मोजणी फसते ती येथे

वेष्टनातून जी पाचारणे जातात, तेवढीच मोजली जातात, ही या योजनेची मर्यादा लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. १, १, २, ३, ५, ८ ही मालिका शिक्षकांच्या परिचयाची आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात मात्रावृत्तांच्या संदर्भात तिचे विवेचन केले होते. युरोपात ती फिबोनाची याच्या नावाने ओळखली जाते. प्रत्येक पद मागील दोन पदांची बेरीज असल्याने, फंक्शन स्वतःलाच दोनदा पाचारण करून उत्तर काढू शकते. या रीतीने विसावे पद, म्हणजे ६,७६५ ही संख्या काढण्यास एकूण १३,५२९ पाचारणे लागतात. एकदा काढलेली पदे लक्षात ठेवली, तर अवघ्या ३७ पाचारणांत काम भागते.

आता मूळ वस्तू वेष्टनाच्या पोटात असेल, तर बाहेरून आलेले पहिले पाचारण मोजले जाते, पण पुढची १३,५२८ पाचारणे ती वस्तू स्वतःलाच करते. ती वेष्टनाकडे येतच नाहीत आणि गणक केवळ १ दाखवितो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने इमारतीतील खोल्यांमधली ये-जा मोजावी, अशी अपेक्षा करण्यासारखेच हे आहे. यावर उपाय म्हणजे मूळ वर्गापासून नवा वर्ग निपजवून तेच फंक्शन त्यात नव्याने लिहिणे. ‘जावा’सारख्या भाषेत अशा वेळी वस्तूने स्वतःला केलेले पाचारणही नव्या फंक्शनकडे वळते आणि मोजले जाते. ‘सी प्लस प्लस’मध्ये त्यासाठी मूळ फंक्शन ‘व्हर्च्युअल’ म्हणून घोषित केलेले असावे लागते.

आणखी दोन गोष्टींची दक्षता घ्यावयास हवी. आज्ञावलीचे अनेक प्रवाह एकाच वेळी चालत असतील आणि दोघांनी एकदमच गणकातील जुना आकडा वाचून त्यात एक मिळविला, तर दोन पाचारणांची नोंद एकच होते. म्हणून गणक वाढविण्याची क्रिया अखंड ठेवावी लागते. दुसरे असे, की मोजणीलाही वेळ लागतो. अत्यंत लहान फंक्शन लाखो वेळा पाचारले जात असेल, तर वेष्टनाचाच भार जाणवू लागतो. म्हणून पाचारणांची संख्या आणि लागणारा वेळ यांची मोजणी स्वतंत्रपणे करणे इष्ट ठरते.

उपयोग

आज्ञावली लिहिणे हे तज्ज्ञांचे काम असले, तरी ती वापरणाऱ्या संस्थेने योग्य प्रश्न विचारणे तितकेच महत्त्वाचे आहे. एक दाखला काढताना माहितीकोशाला किती पाचारणे होतात, नोंदी दुप्पट झाल्यास ती दुप्पट होतात की चौपट, आणि हे आकडे कोणत्या ठिकाणी मोजले आहेत, हे तीन प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. नव्या यंत्रासाठी तरतूद करण्यापूर्वी त्यांची उत्तरे हाती असली, तर सार्वजनिक पैशाचा अपव्यय टळू शकेल. शाळांतील संगणक वर्गातही विद्यार्थ्यांनी दोन पद्धतींतील तुलना स्वतः मोजून पाहिल्या, तर चांगली रचना म्हणजे काय, हे त्यांना प्रत्यक्ष आकड्यांतून उमगेल.