रबर विरघळते, टार टिकते

पैठण रस्त्यावरच्या बिडकीनचे नाव आता ऑरिक या औद्योगिक शहराच्या कारखान्यांमुळे घेतले जाते. तिथला नवा उद्योग आपले हिशेब क्लाउडवर ठेवेल. पण नव्वदच्या दशकात संगणक घेतलेल्या एखाद्या जुन्या कंपनीच्या कपाटात माहिती साठवलेली पाव इंची चुंबकी कार्ट्रिज किंवा छोटी डॅट टेप अजून पडलेली असू शकते. ती वाचणारे यंत्र दुर्मिळ झाले असले, तरी आज्ञा मात्र आजच्या लिनक्समध्येही आहेत.

महाराष्ट्राला चुंबकी टेप नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० संगणक आला, तो टेपच्याच जमान्यातला. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून युनिक्सबरोबर टार आले. अनेक फायली एकापाठोपाठ टेपवर उतरवायच्या, हे त्याचे मूळ काम. आज त्याच टारने आपण इंटरनेटवरून आलेली गाठोडी सोडतो.

स्कझी या जुन्या जोडणीचा टेप ड्राइव्ह जोडला की लिनक्स त्याला दोन मुख्य नावे देते. ‘एसटी०’ काम संपताच टेप गुंडाळून सुरुवातीला नेते. ‘एनएसटी०’ आहे तिथेच थांबते. हा फरक न कळल्यास दुसरी नोंद पहिलीवरच लिहिली जाते. टेप पुढेमागे नेण्याचे काम ‘एमटी’ ही आज्ञा करते. दुसरा चकवा ब्लॉकच्या मापाचा. टार एरवी ५१२ बाइटचे २० तुकडे, म्हणजे १०,२४० बाइट एका वेळी लिहिते. वाचताना त्याहून लहान माप दिले, तर ‘मेमरी मिळत नाही’ अशी तक्रार येते आणि माणूस उगाच रॅम तपासत बसतो. म्हणून ड्राइव्हच्या ब्लॉकचे माप शून्य, म्हणजे बदलते, ठेवावे आणि नक्कल उतरवणाऱ्या ‘डीडी’ आज्ञेला ऐसपैस माप द्यावे.

सगळेच ड्राइव्ह इतके नशीबवान नाहीत. फ्लॉपीच्या केबलवर चालणाऱ्या ड्राइव्हचा आधार, एफटेप, २००७ साली लिनक्सच्या कर्नलमधून गेला.

खरी अडचण मात्र यंत्राच्या पोटात असते. पाव इंची ड्राइव्हमधला रबरी रोलर काही वर्षांनी गुळासारखा चिकट होतो आणि टेपला लागला तर ती वाया जाते. कार्ट्रिजमधला पट्टा सैल पडतो. म्हणून आधी रोलर बदलावा, मग बिनकामाच्या टेपवर चाचणी घ्यावी. मूळ टेपची लेखनबंदी लावूनच ती आत घालावी आणि फायली उघडण्यापूर्वी तिची जशीच्या तशी नक्कल डिस्कवर उतरवून घ्यावी. टेप पुन्हा पुन्हा फिरवण्यापेक्षा नकलेवर हवे तितके प्रयोग करता येतात.

तुमच्या कार्यालयात अशी टेप असेल, तर ती भंगारात देऊ नका आणि ‘नंतर बघू’ही म्हणू नका. आज्ञा उद्याही सापडतील. चालता ड्राइव्ह सापडेलच असे नाही.