रात्री नऊची सफारी

बॉस, कबूल करते, चूक माझीच होती.

बदलापूरला ताईकडे गेले होते. चार वर्षांचा भाचा किचनच्या ओट्यापाशी उभा राहून भिंतीकडे टक लावून बघत होता. हात पुढे, डोळे मोठ्ठे, चेहऱ्यावर ‘हे काय भारी आहे!’ असं एक्स्प्रेशन. बघितलं तर टाइल्सवर पाल! आणि मी जी काही किंचाळले... समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. भाचा दचकला, भोकाड पसरलं आणि पुढे पंधरा दिवस रात्री एकटा बाथरूमला जाईना. पालीने बिचारीने काहीच केलं नव्हतं. भीती त्याला मावशीने दिली, खाऊसारखी, घरपोच!

ती परत कशी घ्यायची, या विचारातून सुरू झाली आमची रात्री नऊची सफारी.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांचं टाइमटेबल तुम्हाला वेगळं सांगायला नको. पिल्लू झोपेत असतानाच लोकल पकडायची. साठ-सत्तर किलोमीटर लोंबकळत जायचं, तसंच परत यायचं. घरी पोचेस्तोवर बागेला कुलूप आणि बारवीकडचं जंगल अंधारात. मग मुलांना निसर्गबिसर्ग दाखवायचा कधी? पण एक वन्यप्राणी अगदी आपल्याच शिफ्टमध्ये काम करतो. ट्यूबलाइट लागली की ड्यूटीवर हजर, तोही आपल्याच ब्लॉकमध्ये. तिकीट नाही की बुकिंग नाही.

करायचं इतकंच. जेवणं आटोपली की बाकीचे दिवे बंद, फक्त गॅलरीतला किंवा पॅसेजमधला एक चालू. टीव्ही ऑफ, मोबाइल लांब, आणि दहा मिनिटं गप्प बसायचं (मुलांसाठी हीच खरी अवघड अ‍ॅक्टिव्हिटी!). आधी किडे येतात, मागोमाग पाली. पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी दिव्याभोवती घोंघावते ना, तेव्हा तर बुफेच लागतो. वहीत घराचा नकाशा काढा आणि कुठली पाल कुठे दिसली ते मांडा. दोन-चार दिवसांत लक्षात येतं की प्रत्येकीचा एरिया ठरलेला आहे. मोठा नर दिव्याजवळच्या मोक्याच्या जागी दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. फुल टू दादागिरी! आमच्याकडे त्यांना नंबर दिलेत. एक नंबर गीझरमागे राहतो.

ओळखायची कशी? शेपूट बघा. तिच्यावर बारीक काट्यांच्या रांगा असतील आणि ‘चुक चुक’ आवाज येत असेल, तर ती एक जात. शंकेची पाल चुकचुकते ती बहुधा हीच! मूळची दक्षिण आणि आग्नेय आशियातली, पण जहाजांच्या सामानातून ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेपर्यंत पोचली. ना व्हिसा, ना इंटरव्ह्यू. शेपूट गुळगुळीत, पोट पिवळसर आणि अंगाने दांडगी असेल तर ती दुसरी.

आता सगळ्यात भारी शो. खिडकीच्या काचेवर पाल बाहेरून बसली की आतून तिचे तळवे बघा. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतील. या पट्ट्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे केस असतात. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एकेका पायावर असे सुमारे पाच लाख केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. पालीला ना गोंद लागतो, ना रबरी टोपीसारखं सक्शन. केसांचे फाटे भिंतीच्या इतके जवळ जातात की दोन्हीकडच्या रेणूंमध्येच बारीकशी ओढ लागते. अमेरिकेतल्या केलर ऑटम यांच्या टीमने २००० मध्ये एका केसाची पकड मोजली आणि २००२ मध्ये ही ओढ कसली ते दाखवून दिलं. टेफ्लॉनवर मात्र पाल घसरते. म्हणजे नॉनस्टिक हे पालीलाही नॉनस्टिकच!

एवढी पकड, तर मग पाय सुटतो कसा? हा प्रयोग मुलांकडून करून घ्या. टेबलावर सेलोटेपचा तुकडा चिकटवा. टेबलाच्या रेषेत सरळ ओढला तर तो जाम हलत नाही. एक टोक उचलून सोलला की सर्रकन निघतो. पाल बोटांची टोकं वर वळवून पाय असाच ‘सोलते’, तेही पळता पळता.

भाच्याला मात्र पायांपेक्षा जिभेचं कौतुक. पालीला आपल्यासारख्या पापण्या नसतात. डोळ्यावर धूळ बसली की ती जीभ काढून डोळाच चाटते. त्याने बरेच दिवस स्वतःच्या डोळ्यापर्यंत जीभ पोचवायचा प्रयत्न केला. (ताईने मला फोन करून झापलं.)

शेपटीचं सगळ्यांना माहीतच असतं, की तुटते आणि वळवळत राहते. शत्रू ती बघत बसतो, तोवर पाल पसार. नवी शेपूट येते, पण तिच्या आत हाडाऐवजी कूर्चा असते. शिवाय शेपूट म्हणजे पालीचं सेव्हिंग अकाउंट, तिच्यात चरबी साठवलेली असते. गंमत म्हणून झाडूचा फटका मारून शेपूट तोडणं म्हणजे कुणाचं अख्खं अकाउंट रिकामं करणं.

आता विषाचं बोलू. आपल्याकडची घरातली पाल विषारी नसते. दुधात पाल पडली तर दूध ओतूनच द्यायचं, पण कारण वेगळं. तिच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. म्हणून मुलांना नियम एकच: बघायचं, पकडायचं नाही. चुकून हात लागलाच तर साबणाने धुवायचा. बास.

आणि हो, पाली पळवायला खिडकीत अंड्यांची टरफलं ठेवणारी मंडळी! ताईकडे त्या टरफलांच्या मागेच पालीची दोन अंडी सापडली. पांढरी, टणक, पेपरमिंटच्या गोळीएवढी. एका वेळी दोनच. दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात, फक्त अंडी जागची हलवू नका. उंदरांसाठी चिकट पॅड लावत असाल तर जरा विचार करा. त्यावर पालीही अडकतात आणि तडफडून मरतात. अडकलेली दिसली तर कडेने थोडं खायचं तेल सोडा, सुटते.

रविवारी शिफ्ट बदलायची. सकाळी आठ-नऊच्या कोवळ्या उन्हात सरडे शेकायला बसतात. कोंडेश्वरची वाट असो, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराचा परिसर असो, नाहीतर सोसायटीची मागची भिंत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तेव्हा कुंपणापासूनच शोधायला लागा. नर सरडा पुश-अप्स मारतो, अगदी जिममधल्या पोरांसारखे आणि त्याच कारणासाठी! मुलांना ते मोजू द्या, जमिनीवर करूनही बघू द्या. विणीच्या काळात त्याचं डोकं आणि खांदे लालभडक होतात. त्यावरून इंग्रजीत त्याला ‘रक्त शोषणारा’ असं नाव पडलं. प्रत्यक्षात तो किडे खातो. आपल्या लहानपणी सरड्याला दगड मारणं हा चक्क मैदानी खेळ होता. आठवलं की आता कसंतरीच होतं.

गवतात सळसळ करत चकचकीत काहीतरी गेलं तर ती सापसुरळी. तीही बिनविषारी, आणि तीही गैरसमजापायी मार खाते. पावसाळ्यात आवारात घोरपड आली तर मात्र घोळका करू नका. तिला वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे. वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

एक जनरल नॉलेज खास ऑफिसच्या क्विझसाठी. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी सरड्यांच्या एका नव्या प्रजातीला (जीनसला) लॅटिनमध्ये नाव दिलं, ‘सरडा’! आपला मराठी शब्द, जसाच्या तसा. त्यातल्या ‘सरडा सुपर्बा’ या जातीचा नर साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर निळ्या, काळ्या, नारिंगी रंगाचा गळ्याखालचा पंखा उघडून मिरवतो. उन्हाळ्यात त्या बाजूला ट्रिप निघाली तर गाडी थांबवाच.

परवा संध्याकाळी ठाण्याच्या पुढे गाडी रखडलेली, मी दोन बॅगांमध्ये चेपलेली, आणि ताईच्या नंबरवरून फोन. तिकडून कुजबुजता आवाज: ‘मावशी, हळू बोल. चार नंबरला नवी शेपूट आलीये.’