परिचारिकेचा कार्यताण आणि विभागांतर

परिचारिका एक विभाग सोडून दुसऱ्या विभागात जाऊ इच्छिते, तेव्हा तिला कामाचा कंटाळा आला असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः विभागांतराची इच्छा हे बहुधा कार्यताणाचे लक्षण असते. ते त्यावरील उपायही ठरेल की नाही, हे ताणाच्या उगमावर अवलंबून राहते. या उगमाचा विचार करण्यास महाड-पोलादपूरचा परिसर उपयुक्त आहे.

कार्यताण म्हणजे केवळ श्रमाधिक्य नव्हे. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार कामाच्या मागण्या अधिक आणि निर्णयस्वातंत्र्य अल्प असते, तेथे ताण सर्वाधिक असतो. परिचारिकेच्या ठिकाणी ही दोन्ही अंगे एकत्र येतात. रुग्णाजवळ सतत तीच असते. उपचाराचा निर्णय मात्र बहुधा अन्यत्र होतो.

विभाग बदलल्याने हा ताण ओसरतो काय? इझाबेल मेन्झिस यांनी १९६० साली लंडनच्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थी-परिचारिकांना वारंवार एका कक्षातून दुसऱ्या कक्षात हलविण्याची प्रथा रुग्णाविषयीच्या जिव्हाळ्यापासून त्यांना दूर ठेवणारी होती. तथापि तिने चिंता निवारण न होता नवी चिंता निर्माण होई, असे त्यांना आढळले. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकेपणापासून नैपुण्यापर्यंतच्या पाच अवस्था सांगितल्या. नैपुण्य हे विशिष्ट प्रकारच्या रुग्णांच्या सहवासात मुरत असल्यामुळे प्रसूतिकक्षातील निष्णात परिचारिका अतिदक्षता विभागात प्रथम नवशिकीच ठरते. पद ज्येष्ठतेचे आणि ज्ञान आरंभीचे, ही विसंगती स्वतःच ताणाचे कारण बनते.

येथवरचे विवेचन मोठ्या रुग्णालयांना लागू पडते. ग्रामीण आरोग्य केंद्रात सोडून जाण्याजोगा स्वतंत्र विभागच नसतो. प्रसूती, लसीकरण, सर्पदंश आणि महामार्गावरील अपघात ही सर्व कामे तीच परिचारिका पाहते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. हे औषध स्वस्त व तोंडाने घेण्याजोगे आहे. परंतु हातपाय उबदार होईपर्यंत त्याच्या मात्रा ठराविक अंतराने द्याव्या लागतात, नाडी व रक्तदाब पाहावे लागतात, आणि रुग्णाने एकाएकी उठू नये म्हणून त्याला जपावे लागते. हे अतिदक्षतेचेच काम होय. केवळ त्याला ते नाव नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात इमारत कोसळली; २२ जुलै २०२१ रोजी महापूर येऊन तळिये येथे दरड कोसळली. असे प्रसंग या भागातील आरोग्यसेवेवर अकस्मात येतात. येथे परिचारिका विभाग बदलीत नाही; घटकाघटकाला विभागच तिच्यापुढे बदलतात.

या ताणाला सामाजिक बाजूही आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर झालेल्या सत्याग्रहाने स्पर्श आणि विटाळ यांच्या कल्पनेलाच आव्हान दिले. रक्त, मलमूत्र व परक्याचे शरीर यांना हात लावणाऱ्या परिचर्येकडेही समाजाने दीर्घकाळ याच कल्पनेतून हीनतेने पाहिले. ज्या कामावाचून रुग्ण वाचत नाही, त्याच कामाला प्रतिष्ठा नसावी, ही वेदना कोणत्याही विभागात गेल्याने सरत नाही.

सारांश, मृत्यूचे सततचे सान्निध्य किंवा एकाच प्रकारच्या कामाचा भार हे ताणाचे कारण असेल, तर स्वेच्छेने केलेले विभागांतर हितकर ठरू शकते. मात्र त्यापूर्वी प्रशिक्षण आणि आरंभी अनुभवी सहकाऱ्याची सोबत हवी. अपुरे मनुष्यबळ, निर्णयात नसलेला सहभाग अथवा अवहेलना हे कारण असल्यास तोच ताण नव्या कक्षातही तिच्यासोबत जातो. ग्रामीण परिचारिकेच्या बाबतीत तर तिच्या बहुविध कौशल्यालाच एक विशेष शाखा म्हणून मान्यता देणे, हा अधिक मूलगामी उपाय होय.