जुना रिसीव्हर घेताना : पेटी पाहू नका, पाठ पाहा

कापडाच्या बाजारात एक रीत आहे. थानाची वरची घडी पाहून कोणी जाणता व्यापारी सौदा करीत नाही. तो थान उलगडतो, आतला पदर उजेडाकडे धरतो, किनार पाहतो, मोजतो आणि मगच भावाची बात करतो. जुन्या मालाला तर ही रीत दुपटीने लागू पडते.

आज घरोघरी भिंतीवरचे मोठे टीव्ही आले आहेत. चित्र उत्तम, पण टीव्हीच्या पातळ अंगात स्पीकरला जागाच नसते, म्हणून आवाज फिका पडतो. नवा होम थिएटर परवडत नाही आणि मग पुष्कळजण जुना ऑडिओ रिसीव्हर शोधू लागतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजारातील मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, शिवाय आखातातून किंवा अमेरिकेतून परत आलेले नातेवाईक, अशा नाना वाटांनी हा माल मिळतो. त्यात काही माल खरोखर सोन्यासारखा असतो आणि काही नुसते ओझे. दोहोंतला फरक कसा ओळखावा, हे थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

एका पेटीत चार कामे

रिसीव्हर ही एक वस्तू दिसते, पण तिच्यात चार कामे एकत्र केलेली असतात. पहिले, रेडिओ पकडणे. दुसरे, टीव्ही, सीडी, डीव्हीडी अशा अनेक यंत्रांतून एकाची निवड करणे. तिसरे, सिनेमाचा डिजिटल आवाज उलगडून पुढच्या, मधल्या व मागच्या स्पीकरांत वाटून देणे. चौथे, तो आवाज ताकदीने स्पीकरपर्यंत पोहोचवणे. या चौथ्या कामाला ॲम्प्लिफायर म्हणतात.

यापैकी ॲम्प्लिफायरचे शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत फारसे बदललेले नाही. चांगल्या घडणीचा, सांभाळलेला ॲम्प्लिफायर वीस-तीस वर्षांनंतरही उत्तम वाजतो. बदलली ती निवडीची सॉकेटे आणि आवाज उलगडण्याच्या पद्धती. म्हणून जुन्या रिसीव्हरचे वय त्याच्या चकाकीवरून नव्हे, तर पाठीमागच्या सॉकेटांवरून मोजावे. आणि पैसे द्यायचे ते ॲम्प्लिफायरचे द्यावेत, कालबाह्य सॉकेटांचे नव्हेत. या लेखाचे सारे तात्पर्य एवढेच आहे.

केवळ ऐकण्यासाठी

संगीताच्या जायज-नाजायजचा प्रश्न उलेमांचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. कोणी किरअत व नात ऐकेल, कोणी कव्वाली, कोणी जुनी गाणी. यंत्राला तो भेद ठाऊक नसतो. केवळ ऐकण्यासाठी घ्यायचे असेल तर दोन चॅनलचा साधा स्टिरिओ रिसीव्हर पुरेसा आहे. १९७० च्या दशकातील मरांट्झ, पायोनियर, सान्सुई यांचे सेट आजही शौकीन लोक जपतात. मात्र त्यांचे भाव शौकाचे असतात. त्यानंतरच्या काळातील साध्या काळ्या रंगाचे, यामाहा, डेनॉन, ओन्क्यो, सोनी यांचे स्टिरिओ सेट तितके मिरवत नाहीत, म्हणून अनेकदा वाजवी दरात मिळतात.

घरात तबकड्या असतील तर 'फोनो' लिहिलेले सॉकेट आणि त्याशेजारी जमिनीच्या तारेचा छोटा स्क्रू आहे का, ते पाहावे. तबकडीच्या सुईतून येणारा प्रवाह अतिशय क्षीण असतो. साध्या सॉकेटात ती जोडली तर आवाज कुजबुजल्यासारखा येतो. कॅसेट, सीडी किंवा मोबाइल जोडायला लाल-पांढऱ्या पिनांचे कोणतेही साधे सॉकेट चालते. ब्लूटूथ नाही म्हणून चांगला सेट नाकारू नये, कारण ती सोय एका लहानशा जोडयंत्राने वेगळी करता येते.

सिनेमासाठी : सन पाहा

येथे मात्र तारखा माहीत असाव्यात. एचडीएमआय ही एका तारेतून चित्र व आवाज दोन्ही नेणारी पद्धत २००२ च्या अखेरीस जाहीर झाली. २००९ मध्ये तिच्या १.४ आवृत्तीत एआरसी नावाची सोय आली. तिच्यामुळे टीव्हीचा आवाज त्याच तारेतून उलटा रिसीव्हरकडे येतो. २०१३ मध्ये २.० आवृत्ती आली व फोर-के चित्र पूर्ण वेगाने जाऊ लागले. घरगुती रिसीव्हरमध्ये डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येण्याची सोय, २०१४ पासून मिळू लागली. २.१ आवृत्ती २०१७ ची आहे.

दुकानदार म्हणतो, 'हा फोर-के पास करीत नाही, म्हणून स्वस्त देतो.' गिऱ्हाईक घाबरते. वास्तविक नफा येथेच आहे. आजच्या टीव्हीला स्वतःची तीन-चार सॉकेटे असतात. सर्व यंत्रे सरळ टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून फक्त आवाज रिसीव्हरकडे आणा. चित्र रिसीव्हरमधून जातच नाही, मग तो फोर-के जाणतो की नाही याला महत्त्व उरत नाही. आवाज आणण्यासाठी दोन मार्ग आहेत. रिसीव्हरच्या एचडीएमआय आउट सॉकेटावर एआरसी ही अक्षरे छापलेली असली तर तीच तार पुरे. ती नसली तर ऑप्टिकल नावाची जोडणी वापरावी. तिच्यातून डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज, म्हणजे पाच स्पीकर व एक सबवूफर यांचा आवाज, व्यवस्थित जातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'डॉल्बी डिजिटल' वर ठेवावा. नुसता पीसीएम ठेवला तर बहुधा दोनच चॅनल पोहोचतात आणि माणूस विनाकारण रिसीव्हरला दोष देतो.

ब्लू-रे डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी हा अव्वल दर्जाचा आवाज ऑप्टिकल तारेत मावत नाही. तो हवा असेल तर एचडीएमआयवरून हे आवाज उलगडणारा रिसीव्हर घ्यावा. ॲटमॉस हवे असेल तर २०१४ नंतरचा. पण दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे कपाट, पलंग आणि मुलांचा अभ्यासही आहे, तेथे छताला स्पीकर लावणार कोण? अशा घराला पाच चॅनलचा, वजनदार, २०१० च्या आसपासचा चांगला सेट पुरून उरतो. त्याच्यावर 'डायरेक्ट' किंवा 'स्टिरिओ' बटण दाबले की गाणीही नीट ऐकता येतात. संगीत व सिनेमा दोन्ही साधणारा सौदा तो हाच.

वॅटचा आकडा आणि तराजू

पेटीवर छापलेल्या हजार वॅटला भुलू नका. आकडा कसा मोजला हे विचारा. दोन चॅनल एकाच वेळी चालवून, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, ८ ओहमवर मोजलेले ६० वॅट हे प्रामाणिक ६० वॅट. एकच चॅनल, एकच सूर आणि दहा टक्के विकृती धरून मोजलेले दीडशे वॅट म्हणजे खेचून मोजलेले कापड. धुतल्यावर आटणारच. अमेरिकेत अशा फुगवट्याला आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये सरकारला नियम करावा लागला होता. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, तो केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो फरक थोडासाच जाणवतो.

साधी परीक्षा म्हणजे पेटी उचलून पाहणे. जुन्या पद्धतीच्या सेटमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून तो जड लागतो. हजार वॅट सांगणारी पेटी एका हाताने उचलली गेली, तर समजून घ्यावे.

वीज : सर्वांत महाग चूक

आपल्याकडे २३० व्होल्ट. अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. दुबई, कुवेत, मस्कत, दोहा येथील वीज आपल्यासारखीच २२० ते २४० व्होल्टची असल्याने तेथील सेट येथे चालतो. सौदी अरेबियात मात्र बरीच वर्षे घरांत १२७ व्होल्टही होते. तेव्हा 'गल्फचा माल आहे' एवढ्यावर विसंबू नये. आमच्या परिचयातील एका गृहस्थाला अमेरिकेहून भावाने प्रेमाने सेट पाठवला. मुलाने पिन बदलून तो सरळ भिंतीत लावला आणि क्षणात धूर निघाला. पिन बदलल्याने व्होल्टेज बदलत नाही.

सेटच्या पाठीवर व्होल्ट व वॅट छापलेले असतात, ते स्वतः वाचावे. १२० व्होल्टचा सेट घ्यायचाच असेल तर छापलेल्या वॅटच्या दीडपट-दुप्पट ताकदीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची किंमत सौद्यातून वजा करूनच भाव बोलावा.

दुकानात करावयाची तपासणी

१. सेट थंड असताना चालू करा. आधीपासून तापवून ठेवलेला असेल तर बंद करायला सांगा आणि चहा घेऊन परत या. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून 'टक' असा आवाज यावा. तो रिलेचा आवाज असतो. सेट पुन्हा पुन्हा आपोआप बंद पडत असेल तर आत बिघाड आहे.

२. स्पीकर जोडण्याआधी कारागिराकडून मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजून घ्या. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. फार जास्त असेल तर तो सेट तुमचे चांगले स्पीकर जाळू शकतो. परीक्षेसाठी नेहमी साधा स्पीकर न्यावा.

३. आवाजाचे बटण हळूहळू फिरवा. खरखर झाली तर बहुधा धूळ आहे, ती साफ होते. एक बाजू मोठ्या आवाजालाच सुरू होत असेल तर रिलेचे टोक मळलेले असण्याचा संभव असतो. हेही दुरुस्त होते, पण खर्च तुमचा. काहीच वाजत नसताना जाड घूंकार ऐकू आला तर आतील कपॅसिटर सुकले असावेत.

४. प्रत्येक सॉकेट व प्रत्येक चॅनल वेगवेगळा वाजवून पाहा. बहुतेक सिनेमा-रिसीव्हरमध्ये त्यासाठी टेस्ट टोन असतो. एचडीएमआयचे सर्किट बिघडले तर दुरुस्ती अवघड असते, म्हणून ते अर्धा तास सलग चालवूनच पाहा.

५. झाकणाच्या जाळीतून टॉर्च मारून आत पाहा. किनारपट्टीवर वापरलेल्या सेटला खाऱ्या हवेने गंज चढतो. मुंबई-कोकणच्या खरेदीदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

६. मूळ रिमोट व स्वयंचलित जुळवणीचा छोटा माइक मागा. अनेक सेटमध्ये रिमोटशिवाय आतली सेटिंग उघडत नाही.

घरी आणल्यावर तारांची मोकळी टोके एकमेकांना लागू देऊ नयेत आणि सेट बंद कपाटात कोंडू नये. धूळ बसते म्हणून वर रुमाल टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. आम्ही कापडवाले असूनही सांगतो, चालू सेटवर कापड घालू नका.

ऐब, पावती आणि मुदत

आता विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. मदिनेच्या बाजारात हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तो आत ओल लागली. भिजलेले धान्य वरच का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले व फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जुन्या सेटचा एक चॅनल बंद आहे हे ठाऊक असून दुसऱ्याच चॅनलवर गाणे लावून दाखवणे, म्हणजे ओले धान्य खाली दडवणेच होय. ऐब सांगून विकला तर भाव थोडा कमी येईल, पण गिऱ्हाईक परत येईल आणि कमाई हलाल राहील.

खरेदीदारानेही आपला हक्क ओळखावा. सौदा करतानाच परत करण्याची मुदत ठरवून घेण्यास शरिअतमध्ये खियार-ए-शर्त म्हणतात. इमाम अबू हनीफा व इमाम शाफई यांच्या मते ही मुदत जास्तीत जास्त तीन दिवस. घरी नेऊन, स्वतःच्या टीव्हीला जोडून, सर्व बाजूंनी पाहायला तीन दिवस पुरतात. आपला १९३० चा मालविक्री कायदाही, काही अपवाद सोडता, मालाच्या दर्जाची हमी आपोआप गृहीत धरत नाही. तेव्हा तोंडी 'गॅरंटी'वर न जाता पावतीवर मॉडेल, सिरियल नंबर, सांगितलेले ऐब व तीन दिवसांची मुदत लिहून घ्यावी. मूळ बिल असेल तर तेही मागावे. चोरीचा माल फुकट मिळाला तरी महाग आहे.

शेवटी हिशेब असा मांडावा : सेटची किंमत, ट्रान्सफॉर्मर, रिमोट, तारा व संभाव्य दुरुस्ती. ही बेरीज नव्या साध्या सेटच्या जवळ जात असेल तर जुन्याचा मोह सोडावा. बेरीज निम्म्यावर थांबत असेल, पेटी जड असेल, सर्व चॅनल स्वच्छ वाजत असतील आणि विकणारा तीन दिवसांची मुदत लिहून द्यायला तयार असेल, तर बिस्मिल्लाह म्हणून सौदा करावा. जो विकणारा मुदत लिहून द्यायला कचरतो, त्याच्या मालाविषयी त्याचे स्वतःचे मत काय आहे ते आपल्याला कळलेच!