चिनी वैद्यकातील पाचवा ऋतू

चिनी वैद्यक चार ऋतूंवर थांबत नाही. उन्हाळा सरताना हवा दमट आणि जड होते. हा पाचवा ऋतू, ‘दीर्घ ग्रीष्म’. त्याचे नाते प्लीहेशी. ही प्लीहा म्हणजे शरीरशास्त्रातील अवयव नव्हे. अन्नाचे बळ करणारी शक्ती, एवढाच अर्थ श्रोत्यांनी घ्यावा. तिला ओल सोसत नाही, म्हणून या दिवसांत गार व कच्चे अन्न बेताने घ्यावे, तांदळाची ऊन पेज हितकर. आयुर्वेदातील वर्षाऋतूचे अग्निमांद्य येथे सहज आठवावे.

या विचाराला खरे वजन मात्र एका आपत्तीने आले. १२३२ साली मंगोलांनी जिन राज्याच्या राजधानीला, काइफेंगला, वेढा दिला. वेढा उठला, आणि मग माणसे रोगाने पटापट मरू लागली. वैद्यांनी बाहेरची थंडी बाधली असे समजून घाम आणणारी व रेचक औषधे दिली. ली दोंगयुआन या वैद्याला हे मान्य नव्हते. उपासमार, श्रम आणि भय यांनी रोग्यांचे जठर व प्लीहा आधीच खचली होती. तेथे रेचक देणे घातकच, असे त्याचे मत. त्याने जिनसेंग व ज्येष्ठमध घातलेला बलवर्धक काढा योजला आणि १२४९ मध्ये प्लीहा व जठर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वेढा उठताच अधाशीपणे पोटभर जेवलेले लोकही त्याच्या मते याच रोगाचे बळी होते.