जुन्या गावात नवे बिऱ्हाड

लंब्रिज नावाच्या गावी एक स्वयंपाकी आहे. २००१ सालापासून तो एकाच विवंचनेत आहे. त्याच्या धन्याचा, ड्यूक होरेशियोचा, आज वाढदिवस! केक करायचा, आणि घरात अंडे नाही, दूध नाही, पीठदेखील नाही. वाड्याच्या मुदपाकखान्यात जो कोणी नवखा शिरेल त्याच्यापुढे तो आपले रडगाणे गातो. आजवर लक्षावधी माणसांनी त्याला हे तीन जिन्नस आणून दिले असतील. तरी पुढच्या माणसासाठी त्याची फडताळे रिकामीच!

हे गाव ‘रूनस्केप’ या संगणकावरील खेळात आहे. केंब्रिजला शिकलेल्या अँड्र्यू गॉवर या तरुणाने आपला भाऊ पॉल याच्या मदतीने तो रचला आणि ४ जानेवारी २००१ रोजी लोकांसाठी खुला केला. सुरुवातीचा सगळा कारभार नॉटिंगहॅमला आईवडिलांच्या घरातून चाले. या खेळात देशोदेशीची माणसे एकाच वेळी एका जगात वावरतात. कोणी लाकडे तोडतो, कोणी मासे धरतो, कोणी लोखंड ठोकतो. काम करावे तशी त्या कामात पायरी चढते. वरची पायरी ९९ वी, आणि तिच्यासाठी १,३०,३४,४३१ गुण लागतात. गंमत अशी की, ९२ व्या पायरीवर पोहोचलेल्या माणसाची वाट जेमतेम अर्धी सरलेली असते. नोकरीत बढतीची वाट पाहणाऱ्यांना हे गणित निराळे समजावून सांगायला नको.

माझी या गावाशी ओळख झाली ती २००६ साली, पुण्यात कॉलेजात असताना. तेव्हा घरी संगणक थोड्यांकडे असे. आम्ही सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसत असू. रूनस्केपसाठी यंत्रात काही भरून घ्यावे लागत नसे. वेबसाइट उघडली की खेळ सुरू. कॅफेच्या मालकाच्या कपाळाला आठी पडू न देता खेळता येणारा तो एक खेळ होता. पुढे नोकरी लागली, संसार झाला, आणि गाव सुटले.

मी नसताना गावात बरेच रामायण घडले. नवीन सुधारणा येत गेल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये तर लढाईची सारी रीतच पालटली, तेव्हा पुष्कळ जुनी मंडळी रागावून निघून गेली. चालक कंपनीपाशी, म्हणजे जॅगेक्सपाशी, ऑगस्ट २००७ मधील खेळाची एक जुनी प्रत शिल्लक होती. ती पुन्हा सुरू करावी काय, असा कौल फेब्रुवारी २०१३ मध्ये घेतला गेला. साडेचार लाखांच्या आसपास मते पडली आणि २२ फेब्रुवारीला ते जुने गाव पुन्हा वसले.

मला या कथेतला सर्वांत आवडणारा भाग पुढेच आहे. गाव जुने, पण कोणाचीही जुनी इस्टेट परत मिळाली नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून सोन्याच्या राशी जमवल्या होत्या, तेही त्या दिवशी फाटक्या खिशाने, तिसऱ्या पायरीवर, लंब्रिजच्या चौकात उभे! एकाच झाडावर दहा-दहा कुऱ्हाडी. सगळेच जाणते आणि सगळेच नवखे. असा दिवस एखाद्या गावाच्या वाट्याला क्वचितच येतो.

मी परतलो तो यंदा, आणि माझ्यासोबत माझी नववीतली भाची होती. जुन्या गावी कोणाला प्रथम घेऊन जाताना आपण फार बोलतो. हे इथे होते, ते तिथे होते, आमच्या वेळी व्हॅरॉकच्या पेढीसमोर भाजीबाजारासारखा आरडाओरडा करून माल विकावा लागे, आता ग्रँड एक्स्चेंजमध्ये भाव लावून मोकळे होता येते, वगैरे वगैरे. भाचीने पाचच मिनिटे ऐकून घेतले.

“मामा, मला एवढंच सांग, पीठ कुठं मिळतं?”

“पीठ मिळत नाही. करावं लागतं.”

शेतातून गहू खुडायचा. गिरणीत जिने चढून अगदी वर जायचे, गहू चाडीत ओतायचा, दांडा ओढायचा, पुन्हा खाली यायचे आणि आपल्याजवळच्या मडक्यात पीठ भरून घ्यायचे. मडके नसेल तर खालीवर हेलपाटे. आजकाल या खेळाला जोडता येणारी अशी सोय आहे की पुढचे पाऊल कुठे टाकायचे ते रेघ ओढून दाखवते. अनुभवी माणसाचा वेळ त्याने वाचतो, हे कबूल. पण नवख्याने पहिले काही दिवस ती सोय बंद ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पिठाला गिरणीतला वरचा मजला लागतो हे स्वतः शोधून काढण्यातच तर पहिल्या दिवसाची सारी मौज आहे.

आणि नेमकी हीच मौज आम्ही जुनी माणसे प्रेमाने हिरावून घेतो. भाची गिरणीपाशी चाचपडत असताना एक उदार गृहस्थ आला. नखशिखान्त पोलादी थाट. त्याने न विचारता तिच्या हाती निळसर रून धातूचे चिलखत ठेवले आणि तो निघून गेला. ते अंगावर चढवायला बचावाची ४० वी पायरी लागते. भाची पहिलीवर! रांगणाऱ्या बाळाला आजोबांनी कोट शिवावा, तशातली गत. विकून पैसा करता येतो, नाही असे नाही. पण पैसा आला की कोंबडीमागे धावायला नको, गाईची कातडी गोळा करून अल-खारिदच्या चांभाराकडे न्यायला नको, कोळंबी करपवायला नको. मग नवख्याला करण्यासारखे उरते काय? आठवड्याभरात तो कंटाळून निघून जातो. गावात माणसे टिकली नाहीत, तर आमचा ९९ चा झगा पाहायचा तरी कोणी?

उदारांपेक्षा वाईट ते ठक. तिसऱ्या दिवशी एकाने भाचीला गाठले. “तुझ्या चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो, जरा माझ्याकडे दे.” ही लबाडी मी पुण्यात होतो तेव्हाही जुनी होती. चिलखत घ्यायचे आणि पसार व्हायचे. खेळात तसे काठ लावण्याचे कसब कोणालाच येत नाही. मी काही बोलणार तोच भाचीने टंकले, “आधी तुझ्या चिलखताला लावून दाखव.” गृहस्थ क्षणात नाहीसा झाला. दादरच्या बाजारात आईबरोबर साड्यांचे भाव ऐकत वाढलेली मुलगी ती!

गाव मात्र अजून वाढते आहे, तेही गावकऱ्यांना विचारून. नवी गोष्ट आणायची तर कौल घ्यावा लागतो. पूर्वी शेकडा ७५ मते लागत, आता ७० पुरतात. २०२३ मध्ये खेळाडूंनी नौकानयन हे नवे कसब निवडले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते आले. पूर्वी कोणी ‘नौकानयन येणार’ म्हटले की आम्ही हसत असू. आता बंदरात जुने-नवे सारेच पहिल्या पायरीपासून वल्ही मारू लागले आहेत. हा मला २२ फेब्रुवारीच्या त्या दिवसाचाच धाकटा भाऊ वाटतो. माझ्यासारख्या सोळा-सतरा वर्षांनी परतलेल्याला तिथे कोणापुढेही खाली मान घालावी लागत नाही.

परवा रात्री ताट वाढून झाले, ताईच्या दोन हाका झाल्या, तरी भाची उठेना. जाऊन पाहतो तो गिरणीत एक नवखा उभा होता. हातात गव्हाची ओंबी, आणि प्रश्न एकच, पीठ कुठे आहे? तिने त्याला ‘वर जाऊन पाहा’ एवढेच लिहिले. तो गेला. बराच वेळ काही नाही. मग चाक फिरल्याचा आवाज आला आणि तो धावत खाली उतरला.

“आता अंडं कुठं मिळतं विचारतोय,” ती म्हणाली.

“मग? सांग की.”

“अंहं,” ती म्हणाली आणि जेवायला उठली.